न सुकलेली माळ

कोल्डरूममध्ये पाऊल टाकण्याआधी तानूबाई उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला न्यायची. आता त्या दाराला उंबरा कसला, खाली चिकटवलेली एक काळी रबरी पट्टी! पण हिला त्याचं काय? गलोंड्याच्या रस्त्यावरच्या त्या औषधांच्या गोदामात नवीन आलेली पोरं आधी हसायची, मग तिची नक्कल करायची, आणि महिनाभरात त्यांचेही हात आपोआप खाली जायला लागायचे. सावंतसाहेब, म्हणजे गोदामाचे इन्चार्ज भास्कर सावंत, मालवणकडचा सरळ माणूस. ते फक्त म्हणायचे की बाई, नमस्कार करा, पण दार उघडं ठेवून करू नका, थंडी बाहेर जाते.

आत कायमचा हिवाळा. बाहेर सिल्वासाचं ऊन डोक्यात खिळे ठोकत असो नाहीतर कारखान्यांच्या पत्र्यांवर पाऊस थडाथड नाचत असो, आत आपलं दोन ते आठ अंशांच्या मधे सगळं निवांत. इन्शुलिनच्या पेट्या, लशींचे डबे, बाळंतिणीचं रक्त थांबवायची इंजेक्शनं, सगळी मांडणीवर ओळीनं. याच्यापेक्षा गरम झालं तर औषध मरतं, आणि गोठलं तर तेही मरतं. सावंतसाहेबांनी हे सांगितलं तेव्हा तानूबाईनं तोंडात बोट घातलं होतं. उन्हानं दूध नासतं हे तिला ठाऊक होतं, पण थंडीनंही एखादी वस्तू नासते, हे म्हणजे नवलच की!

ती मूळची शिंदखेड्याकडची. तिकडच्या वैशाखात विहिरीच्या काठावरचा दगडसुद्धा चटका देतो. नवरा गोकुळ एका सूत कंपनीत लागला म्हणून ती सिल्वासाला आली, इथेच मुलगा वाळू वाढला, आणि इथेच गोकुळ गेला. मग तिनं चार ठिकाणी झाडलोट केली, प्लास्टिकच्या बाटल्यांना झाकणं लावली, आणि शेवटी या गोदामात माल लावायच्या कामावर आली. पहिल्या दिवशी ती जाड जाकीट घालून आत गेली आणि दार मागे बंद झालं, तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. थंडीचा नव्हे. बाहेर सगळा मुलूख भाजून निघत होता आणि इथे भिंतीवरचं एक यंत्र घुंऽऽ आवाज करत कुणासाठी तरी हा गारठा जपत बसलं होतं. गावच्या देवळाच्या गाभाऱ्यात पाय ठेवल्यावर लागतो तसला गारवा. त्या दिवसापासून ती त्या खोलीला गाभाराच म्हणायला लागली. लोक म्हणोत काय म्हणायचं ते.

आणि पुढे खरंच असं झालं की तिला तिथे हात जोडावेच लागले. वाळूची पोरगी सोनम दुसरीत असताना एकदम वाळत गेली, घागरीनं पाणी प्यायला लागली, आणि एक दिवस शाळेतच पडली. दवाखान्यात कळलं, साखरेचा आजार. म्हाताऱ्यांचा नव्हे, लेकरांचा. रोज इन्शुलिन टोचायचं, नाही टोचलं तर पोरगी हातची जाणार. तानूबाई सुन्न होऊन कामावर आली तर सावंतसाहेबांनी तिला आत नेऊन मांडणीवरच्या पेट्या दाखवल्या. तुमच्या नातीचं औषध इथूनच सिल्वासाच्या दुकानात जातं, म्हणाले. बाई त्या पेट्यांकडे किती वेळ बघत राहिली! मायबापानं जन्म दिला खरा, पण पोरीला रोजचा दिवस या खोलीतून मिळतोय, हे तिच्या मनात ठसलं ते ठसलंच.

आता दसऱ्याचं ऐका. सिल्वासात दसऱ्याला काय थाट असतो! एकीकडे फाफडा-जिलेबीच्या दुकानांपुढे रांगा, दुसरीकडे प्रत्येक कंपनीत यंत्रांची पूजा. लेथला हळदकुंकू, ट्रकला माळ, संगणकालासुद्धा आपट्याची पानं. गोदामातही दरवर्षी पूजा व्हायची, पण दाराबाहेर. या वर्षी तानूबाईच्या मनात आलं की खरा देव आत आहे आणि माळ दारावर घालायची, हा कुठला न्याय? तिनं किलवणी नाक्यावरून निवडून निवडून झेंडू आणला, मधे आंब्याचे डहाळे गुंफून हाताच्या मनगटाएवढी जाड माळ केली. पूजेच्या गडबडीत तिनं साहेबांना विचारलं, आतल्या यंत्राला घालू का? साहेबांच्या हातात नारळ, समोर मालकांचा फोन. त्यांनी होकाराची मान हलवली. तिनं शिडी लावली, आणि आतल्या भिंतीवर छताजवळ जे थंड हवेचं यंत्र आहे, त्याच्या जाळीपुढे ती माळ दुहेरी करून बांधली. खाली उतरून म्हणाली, बाबा, अशीच थंडी ठेव.

एक चाल सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दसऱ्याची माळ यंत्रावरून हातानं काढायची नाही, अशी तिथल्या सगळ्या कामगारांची समजूत. ती आपली आपण वाळायची, आपली आपण गळायची. काढली तर वर्षभर यंत्र रुसतं.

तर झालं असं की दोन-तीन दिवसांत ट्रकवरच्या माळा काळवंडल्या, दारावरचं तोरण चुरगळलं, ऑफिसातला झेंडू तर वासही मारायला लागला. आणि आतली माळ? ताजी! जशी बांधली तशी पिवळीधमक, एक पाकळी हलली नव्हती. टेम्पो चालवणारा पप्पू ती बघून बाहेर आला आणि त्यानं सगळ्यांना सांगितलं. मग काय, जो तो काहीतरी निमित्त काढून आत डोकावायला लागला. शेजारच्या कंपनीतल्या बायासुद्धा दारापर्यंत आल्या. थंडीत फूल टिकतं हे कळण्याएवढी अक्कल सगळ्यांना होती, पण इतकं? इतकं कसं टिकेल? तानूबाईला मनातून वाटलं की आपली माळ पावली.

घरी मात्र उलटंच चाललं होतं. दसऱ्यानंतर सोनमची साखर वर चढायला लागली ती उतरेना. इंजेक्शन वेळेवर, जेवण मोजून, तरी बोट टोचून बघावं तर यंत्रावर आकडा भलताच. पोरगी पुन्हा घटाघटा पाणी प्यायला लागली, शाळेतून आली की भिंतीला टेकून बसायची. सून सरिता तिला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी डोस थोडा वाढवला आणि विचारलं, सणात काही गोड खाल्लं का? झालं! घरात दसऱ्याला वाळूनं जिलेबीचा पुडा आणलाच होता. एवढाच पुरावा, पण तो सगळ्यांना पुरला.

सोनम म्हणाली, मी नाही खाल्ली. आईनं ऐकलं नाही, बापानं ऐकलं नाही. मग तानूबाईनं तिला हाताला धरून देव्हाऱ्यापुढे उभं केलं. देव्हाऱ्यात कानुबाई, खानदेशातून डोक्यावर आणलेली. तिच्यावर हात ठेवून सांग, म्हणाली. पोरीनं हात ठेवला, डोळे कोरडे ठेवून सांगितलं की मी जिलेबीला शिवलेसुद्धा नाही. आणि तानूबाई, जिनं आयुष्यभर देवीच्या नावावर एक शब्द खोटा काढला नव्हता, ती त्या रात्रभरासाठी का होईना असं समजून बसली की आपली नात देवीपुढे खोटं बोलली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते असं. दुसऱ्या दिवशी पोरगी आजीशी एक शब्द बोलली नाही.

तानूबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. कामावर आली, आत गेली, आणि वर त्या माळेकडे बघून तिला वाटलं की हिचं एक फूल प्रसाद म्हणून न्यावं, पोरीच्या उशाशी ठेवावं. माळ काढायची नसते, पण प्रसादाला एक फूल घेतलं तर देव काही म्हणत नाही. तिनं शिडी लावली, वर चढली, आणि एक टपोरं फूल चिमटीत धरून खुडलं.

ते फूल मोडलं. पाकळ्या गळाल्या नाहीत की चुरगळल्या नाहीत, कट्कन मोडल्या. तिच्या बोटांना बारीक खडे लागले, आणि ते बोटांच्या उबेनं पाणी झाले. बर्फ! तिनं दुसरं फूल दाबून बघितलं, तिसरं बघितलं. सगळी माळ आतून गोठलेली. म्हणून ती सुकली नव्हती. तानूबाई शिडीवरच थांबली. दारावरचा आकडा तर पाच दाखवत होता. पाच अंशाला पाणी गोठत नाही, हे तर तिला इतक्या वर्षांत पाठ झालेलं. मग हा बर्फ कुठून आला? आणि मग तिची नजर खाली गेली. माळेच्या बरोबर खाली पहिली मांडणी, आणि मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर इन्शुलिन. सोनमची नवी बाटली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आली होती. शिडीचा दांडा तिनं दोन्ही हातांनी धरला.

ती खाली कशी उतरली तिचं तिलाच ठाऊक. ऑफिसात जाऊन तिनं ओली मूठ सावंतसाहेबांपुढे उघडली. आत फुलाचा चोथा आणि एक न वितळलेला खडा.

"साहेब, हे आतल्या माळेचं फूल शे," ती गावाकडच्या अहिराणीवर येत म्हणाली. "गोठेल शे."

दुसरा कुणी असता तर त्यानं आधी संगणकाकडे बोट दाखवलं असतं, कारण तिथली तापमानाची रेघ चार दिवस कशी सरळ होती! साहेबांनी ती रेघ बघितली, फुलाकडे बघितलं, आणि जाकीट न घालताच आत पळाले. शिडीवर चढून त्यांनी माळेखाली तळहात धरला. धरला तसा मागे घेतला. तापमान मोजणारी एक सुटी डबी असते, आगपेटीएवढी. ती त्यांनी वरच्या फळीवर पेट्यांच्या मधे ठेवली आणि यंत्राची बंद-चालू होण्याची एक फेरी पूर्ण होईपर्यंत दोघं तिथेच उभे राहिले. डबीवरचा आकडा उतरत उतरत शून्यावर आला, आणि शून्याच्याही खाली गेला. समोरच्या भिंतीवरचं मोजमाप मात्र पाचच सांगत होतं, आणि त्याच्या जागेपुरतं ते खरंच होतं. एकाच खोलीत, चार पावलांवर, दोन ऋतू!

साहेबांनी वरच्या फळीवरून दुधाळ इन्शुलिनची एक बाटली घेतली आणि दोन्ही तळव्यांत हळूहळू फिरवली. चांगलं असलं तर ते सारखं दुधासारखं होतं. हे झालं नाही. पांढरे कण काचेला चिकटून बसले, कितीही फिरवलं तरी सुटेनात. मग त्यांनी पाण्यासारख्या इन्शुलिनची बाटली उजेडात धरली, तीच जी सोनम घेते. ती स्वच्छ, नितळ, आतलं औषध मेलं असलं तरी बघणाऱ्याला काही कळू नये अशी. तानूबाईला सगळ्यात जास्त भीती वाटली ती या दुसरीची.

तिनं तिथूनच सरिताला फोन लावला. ती बाटली टोचू नको, पोरीला घेऊन आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा, मी नवीन पाठवते. सरिता विचारत राहिली काय झालं, काय झालं, आणि तानूबाई म्हणत राहिली, आधी निघ. तोवर साहेबांनी पप्पूला वाटेतून परत बोलावलं होतं. त्याच फळीवरच्या पेट्या टेम्पोत होत्या, दादऱ्याच्या दुकानांकडे निघालेल्या. ज्या दुकानांत आधीच माल गेला होता, त्यांना साहेब एकेक करून स्वतः फोन करायला बसले. दसऱ्यापासून गेलेलं विकू नका, विकलं असेल तर माणूस गाठून परत मागवा. मालकांनाही त्यांनीच कळवलं. पलीकडून काय बोलणं आलं असेल ते त्यांच्या कानांच्या लाल पाळ्यांवरून दिसत होतं.

तानूबाई दाराशी उभी होती. माळ मी बांधली, माझं नाव सांगा, म्हणाली. साहेबांनी फोन खाली ठेवला.

"नारळ मी फोडला होता, तानूबाई," ते म्हणाले. "होकारही मीच दिला होता. आणि नमस्कारही केला होता त्या माळेला."

मग दोघांनी आणि पप्पूनं मिळून वरच्या फळीवरचा माल वेगळा काढला आणि खोलीतला उरलेला सगळा शेजारच्या लहान कोल्डरूममध्ये हलवला. खोली रिकामी झाल्यावर साहेब म्हणाले की आता बघूच, ही हवा जाते तरी कुठे. एरवी आत काडी ओढायला सक्त मनाई, पण आत औषध नव्हतं, आणि पूजेतल्या उदबत्त्या उरलेल्या होत्या. त्यांनी एक उदबत्ती बाहेर पेटवून आणली, तानूबाईच्या हातात दिली, आणि यंत्रासमोर धरायला सांगितली.

आणि तिला हवा दिसली. खरंच दिसली! यंत्राच्या जाळीतून निघालेला धूर माळेवर जाऊन आपटत होता, तिथे वाट मिळेना म्हणून मान मोडून सरळ खाली कोसळत होता, त्या वरच्या फळीवर. तिनं मनोभावे गुंफलेल्या डहाळ्यांनी सगळी बर्फाळ हवा अडवून एका जागी ओतली होती. चार दिवस. करायला गेले काय आणि झालं काय! तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि ती धुरामुळे नव्हती हे पप्पूलाही कळलं.

माळ काढायला कुणी पुढे होईना. शेवटी तीच शिडीवर चढली. बाबा, रुसू नको, म्हणाली, आणि गाठ सोडली. गोठलेली माळ काठीसारखी ताठ तिच्या हातात आली. पुन्हा उदबत्ती धरली. या वेळी धूर कुठेही अडला नाही. छताला लगटून तो पार समोरच्या भिंतीपर्यंत गेला, तिथे सावकाश उतरला, जमिनीजवळून परत फिरला आणि मागच्या बाजूनं वर चढून यंत्रात शिरला. आणि पुन्हा निघाला. हवा प्रदक्षिणा घालत होती. दिवसरात्र, इतकी वर्षं, कुणी बघत नसताना. तानूबाई उदबत्तीची राख पायावर पडेपर्यंत बघत राहिली. साहेबही बघत होते. त्यांना हे सगळं पुस्तकातून माहीत होतं, तरी तेही हेलावलेले दिसत होते. बाहेर पडताना त्यांनी खाली वाकून त्या रबरी पट्टीला हात लावला. तानूबाईनं ते पाहिलं.

माळ तिनं वाटेतल्या दमणगंगेत सोडली आणि थेट दवाखान्यात गेली. लहान कोल्डरूममध्ये आधीपासून असलेल्या मालातलं इन्शुलिन साहेबांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, बर्फाच्या डब्यातून आधीच पाठवलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं, आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं. सोनमला ठेवून घेतलं, सलाईन लावलं, आणि नवीन औषध आत गेल्यावर आकडा पायरी पायरीनं उतरायला लागला. तिसऱ्या दिवशी पोरगी घरी आली. वाळूनं तिला नवीन चपला आणल्या, सरितानं तिचे केस विंचरले, सगळे तिच्याशी गोड गोड बोलत होते. जिलेबीचा विषय मात्र कुणी काढत नव्हतं.

तानूबाईला ते सहन होईना. तिनं सोनमला हाक मारली, आणि ज्या देव्हाऱ्यापुढे तिला उभं केलं होतं त्याच्याचपुढे आपण मांडी घालून बसली. माळ, बर्फ, फळी, उदबत्ती, सगळं तिनं पोरीला सांगितलं. प्रदक्षिणा घालणाऱ्या हवेचं सांगताना पोरीचे डोळे मोठे झाले. मग तानूबाईनं कानुबाईवर स्वतःचा हात ठेवला.

"तू खरं बोलत व्हतीस व माय. चूक मनी शे, तुझी नाही. देवीपुढे सांगते."

सोनमनं थोडा वेळ आजीच्या त्या हाताकडे बघितलं. थंडीनं फुटलेली बोटं, फूल मोडलं त्याच हाताची.

"आजी, देवीला तर तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "तुलाच सांगायचं होतं मला."

मग ती आजीच्या शेजारी बसली. संध्याकाळची साखर तपासायची वेळ झाली होती. तिनं आपलं बोट आजीपुढे धरलं.